दवबिंदू की चतुर? उत्तरेच्या दलदलीतले दोन शिकारी

एस्पोकर

नमस्कार मंडळी. इथे फिनलंडात जुलै म्हणजे अख्खा देश सुट्टीवर, ऑफिसात कुत्रं नसतं, मग आम्ही नवराबायको दलदली बघत फिरतो. हसू नका, दलदल म्हणजे आपल्याकडचा पावसाळी राडा नव्हे. हेलसिंकीहून गाडीने दीडेक तासावर तम्मेला गावाजवळ तोरोनसुओ नावाचं नॅशनल पार्क आहे, १९९० साली जाहीर झालेलं, तिथे पायाखालचा पीटचा (अर्धवट कुजलेल्या मॉस-पाल्याचा) थर काही ठिकाणी १२ मीटरपर्यंत खोल आहे. वरून सगळं स्फॅग्नम मॉसचं (दलदलीतल्या शेवाळाचं) लाल-हिरवं गादीसारखं पसरलेलं, मधे काळ्या पाण्याची डबकी आणि आपण आपलं लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचं.

तर तिथे दोन गोष्टी कायम शेजारीशेजारी दिसतात. एक म्हणजे दवबिंदू, ड्रोसेरा रोटुंडिफोलिया, रुपयाच्या नाण्याहून छोटी गोल पानं, त्यावर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दुसरा एक छोटा चतुर, साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास, काळं अंग त्यावर लाल डाग आणि तोंड पांढरंफटक. ल्युकोऱ्हिनिया डुबिया त्याचं नाव. दोघेही किडेखाऊ, दोघांचं गिऱ्हाईकही तेच, डास चिलटं माश्या.

आता वाद असा की बायको म्हणते दवबिंदू भारी, जागचं न हलता शिकार करतो. माझं मत चतुराला. कोणाला ह्यातलं कळतं का? नुसतं मत नको, कारण पण द्या.

खवचट_पाटील

बायकोचं मत आलंय ना, मग धागा कशाला काढला 😀

सातारी_कंदी

अरे वा, दवबिंदूचं नाव वाचून लगेच आत आलो. आमच्या कासला आहे की हा! म्हणजे हाच नाही, आपल्याकडे ड्रोसेरा इंडिका आणि ड्रोसेरा बर्मानी असे दोन दिसतात. इंडिका उभा वाढतो, लांब दोऱ्यासारखी पानं, बर्मानी जमिनीला चिकटून गोल चक्रासारखा. तुमचा तो बर्मानीच्या जवळचा वाटतोय दिसायला. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर पब्लिक सगळी निळ्या जांभळ्या फुलांचे गालिचे बघत असते आणि हा बिचारा पायाखाली येतो, कोणाचं लक्षच नाही. फुलांच्या गर्दीत तो बघायचा तर खाली बसावं लागतं.

एक प्रश्न, फिनलंडच्या थंडीत हा जगतो कसा? आपल्याकडे तर पाऊस संपला की वाळून जातो.

निवृत्त_मास्तर

कंदी, चांगला प्रश्न विचारलात. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता वेळच वेळ आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

आपला इंडिका हा एका मोसमाचा गडी आहे. पाऊस पडला, बी रुजलं, वाढला, फुलला, बी टाकलं, संपला. उत्तरेचा रोटुंडिफोलिया बहुवर्षायू आहे. थंडी आली की पानं कुजून जातात आणि मधोमध एक घट्ट मिटलेली कळी उरते, त्या कळीत पुढच्या वर्षीची पानं गुंडाळून ठेवलेली असतात. बर्फाखाली ती कळी तशीच पडून राहते आणि वसंतात उलगडते. अजून एक भानगड म्हणजे खालचं मॉस दरवर्षी वर वाढत असतं, त्यामुळे ह्याला पण दरवर्षी थोडं वर सरकून नवीन चक्र काढावं लागतं नाहीतर मॉसच त्याला गिळेल.

आता मूळ मुद्दा. एस्पोकर, तुम्ही विचारताय खरा शिकारी कोण, पण दोघं शिकार कशासाठी करतात ते आधी बघा. दवबिंदूला पोट भरायला किडे लागत नाहीत. तो हिरवा आहे, ऊन पाणी हवा यातून साखर तो स्वतःची स्वतः बनवतो. त्याला टंचाई आहे ती नायट्रोजन आणि फॉस्फरसची. अशी दलदल फक्त पावसाच्या पाण्यावर जगते, खालच्या मातीचा आणि झऱ्याचा संबंध तुटलेला, वर स्फॅग्नम पाणी आंबट करून ठेवतं. अशा ठिकाणी मुळांना काही मिळत नाही, मुळं पण नावालाच. म्हणून मग हवेतून उडत येणारं खत पकडायचं. चतुराचं तसं नाही, त्याने शिकार नाही केली तर तो उपाशी मरेल. तेव्हा माझ्या मते ही तुलनाच बरोबर नाही. एक जेवतो आणि दुसरा खत घालून घेतो.

टाचणी

मास्तर, नमस्कार. तुलना बरोबर नाही म्हणून सोडून कशी द्यायची, मजाच त्यात आहे ना 🙂

मी स्वीडनमधे उमिओला असते आणि इथे आल्यापासून चतुर बघायचं वेड लागलंय. चतुराची बाजू मी लढवते. लोक चतुर म्हटलं की पंखवाला बघतात, पण तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा छोटासा तुकडा आहे, काही आठवड्यांचा. ह्या पांढऱ्या तोंडाच्या चतुराचं निम्फ, म्हणजे पाण्यातलं बिनपंखाचं पिल्लू, आंबट काळ्या पाण्यात स्फॅग्नमच्या आत दोन-दोन तीन-तीन वर्षं काढतं. वर बर्फ जमतो, खाली हे बसलेलं. आणि तेव्हाही शिकारच करत असतं. त्याचा खालचा ओठ घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो, टोकाला आकडे, भक्ष्य टप्प्यात आलं की ओठ फटकन पुढे जातो आणि पकडून आणतो, आपली पापणी लवेपर्यंत खेळ खलास.

म्हणजे बघा, निम्फ असताना हा पण भक्ष्य टप्प्यात आलं की जागच्या जागी पकडतो, दवबिंदूसारखा. उडून पकडायची पद्धत नंतरची. एकाच जन्मात दोन्ही तऱ्हेच्या शिकारी करून दाखवतो तो. माझं मत चतुरालाच.

खवचट_पाटील

आणि श्वास कुठून घेतो ते पण सांगा की ताई. मी वाचलंय 😀

टाचणी

पाटील तुम्ही सुधारणार नाही. हो, मोठ्या चतुरांच्या निम्फचे कल्ले मागच्या बाजूला आतड्यात असतात. पाणी आत घ्यायचं, त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि बाहेर सोडायचं. संकट आलं की तेच पाणी जोरात मागे फेकून सुर्रकन पुढे पळतो.

विज्ञानवेडी

दवबिंदूच्या बाजूने मी लिहिते, एस्पोकर वहिनींना माझा पाठिंबा.

डार्विनने १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समधे दवबिंदूवर मेलेल्या माश्या बघितल्या आणि तो त्यात असा अडकला की त्याच साली मित्राला पत्रात लिहिलं, जगातल्या सगळ्या प्रजातींच्या उगमापेक्षा मला आत्ता ड्रोसेराचं जास्त पडलंय. आणि उगमावरचं पुस्तक येऊन तेव्हा वर्ष झालं होतं फक्त, सगळं इंग्लंड त्यावरून भांडत होतं! शेवटी १८७५ मधे त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर वेगळं पुस्तकच काढलं आणि त्यातला मोठा भाग ह्या रोटुंडिफोलियाचाच आहे. पानावर काय काय ठेवून बघितलं त्याने, कच्चं मांस, दूध, काचेचे कण, अमोनियाचे क्षार. केसाचा एक बारीकसा तुकडा, वजन एका ग्रेनचा ७८,७४० वा भाग, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तेवढ्यानेही पानावरचा केस वाकला. आणि वरून पाण्याचे थेंब पडले तर मात्र वाकत नाही. पाऊस कुठला आणि किडा कुठला हे त्याला कळतं, मेंदू नाही, नस नाही, काही नाही.

चतुराला तर डोळेच हजारो भिंगांचे दिलेत, त्याने पकडलं तर त्यात काय मोठेपणा?

एस्पोकर

वहिनी खूश आहेत 😀 हा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला गेला.

पण स्पीडचं काय? मी समोर बसून बघितलंय, चिलट चिकटलं आणि केस वाकतात ते इतके हळू की आपल्याला कळत पण नाही. चतुर एका सेकंदात उडून पकडून परत त्याच काडीवर येऊन बसतो.

विज्ञानवेडी

स्पीडची गरजच नाही ना. चिकटलेला किडा सुटायला धडपडतो तेव्हा आजूबाजूच्या अजून केसांना लागतो आणि अजून फसतो. चिकट रस त्याच्या श्वासाच्या भोकांवर चढला की गुदमरून जातो. मग पान निवांत वळतं, कधी मिनिटांत कधी तासांत, पाचक रस सोडतं आणि पुढचे काही दिवस जेवण चालू. खाली उरतात नुसते पंख आणि सांगाडा.

चतुराचा हिशोब मला माहितीये, पळून जाणाऱ्या माश्यांवर झडप घालण्यात चतुरांचा यशाचा दर ९० टक्क्यांच्या वर गेलेला प्रयोगात मोजलाय. तो उत्तमच आहे. पण झडप घालायला ताकद जाते, पंखाचे स्नायू तापवायला ऊन लागतं. ढग आले की तुमचा चतुर गवतात लपून बसतो, दवबिंदू ढगात पण उघडाच.

टाचणी

हे मात्र खरं. ल्युकोऱ्हिनिया तर ऊन खायला अगदी हपापलेला असतो, उघड्या पीटवर नाहीतर पांढऱ्या पडलेल्या ओंडक्यावर, फळ्यांच्या वाटेवर पण येऊन बसतो. त्यामुळेच फोटो छान मिळतात.

सातारी_कंदी

मला एक सांगा, हे दोघं एकमेकांच्या वाट्याला जातात का? म्हणजे दवबिंदूत चतुर अडकला असं कधी होतं का? कासला मी टाचणी अडकलेली बघितली आहे (इथली टाचणी नाही, ती किड्यातली, चतुराची बारीक नाजूक बहीण).

टाचणी

इथली टाचणी अजून सुटी आहे, धन्यवाद 😀

होतं ना. उत्तर युरोपात तीन दवबिंदू आहेत, रोटुंडिफोलिया, लांब पानाचा ॲंग्लिका आणि मधला इंटरमिडिया. ॲंग्लिकाची पानं लांब आणि उभी असतात, त्याच्यात नाजूक टाचण्या अडकलेल्या बऱ्याच वेळा दिसतात. रोटुंडिफोलियाची पानं जमिनीलगत, त्याला छोटं गिऱ्हाईक जास्त मिळतं. धडधाकट चतुर तिथून सहज सुटतो. धोका असतो तो निम्फमधून बाहेर पडायच्या वेळी.

ते असं होतं की निम्फ सकाळच्या वेळी पाण्याच्या कडेच्या मॉसवर किंवा गवताच्या काडीवर चढतं, पाण्यापासून फार लांब नाही. पाठ फाटते आणि आतून चतुर बाहेर येतो. तेव्हा तो मऊ असतो, पंख चुरगळलेले आणि ओले, त्यात रक्त भरून ते ताणायचे आणि वाळवायचे, ह्याला वेळ लागतो. पहिलं उड्डाण म्हणजे लडखडत कुठेतरी जाऊन पडणं. आणि कडेला दवबिंदूचा गालिचा असतो. पंखाचं टोक जरी चिकटलं तरी त्या कोवळ्या अवस्थेत सुटणं अवघड. दोन-तीन वर्षं पाण्यात काढायची आणि बाहेर आल्यावर पहिल्या तासातच हे.

खवचट_पाटील

म्हणजे दवबिंदू जिंकला. नॉकआउट.

निवृत्त_मास्तर

पाटील, एवढ्यात निकाल देऊ नका. चतुराने कोवळेपणी मार खाल्ला म्हणून तो हरला असं होत नाही. शिवाय चतुर दवबिंदूच्या तोंडचा घास रोज पळवत असतोच, हवेतली चिलटं तो वरच्या वर टिपतो. त्याचा परिणाम किती हे मात्र कोणी नीट मोजल्याशिवाय बोलू नये.

विज्ञानवेडी, डार्विनबद्दल छान लिहिलंत. त्यात एक भर घालतो. किडे खाऊन ह्या झाडाला खरंच फायदा होतो का याबद्दल तेव्हा लोक शंका घेत होते. ते काम त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने केलं. एका गटाला मांसाचे बारीक कण भरवले, दुसऱ्याला उपाशी ठेवलं. १८७८ मधे त्याने दाखवून दिलं की खाऊन पिऊन असलेल्या रोपांना फुलांचे दांडे आणि बी कितीतरी जास्त येतं. मुलाबाळांसाठीच सगळं चाललंय म्हणा.

ऊर्मी_केंडल

फुलांचा विषय निघालाच आहे तर विचारते. मी इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात राहते, लेक डिस्ट्रिक्टच्या कडेला. आमच्याकडे दवबिंदूचं फूल पानांपासून खूप वर, लांब दांड्यावर असतं, बोटभर ते वीतभर. गाईड म्हणाला की परागीभवन करणारे किडे खाली पानात अडकू नयेत म्हणून झाड फूल लांब ठेवतं. हे खरंय का? ऐकायला तर पटतं.

विज्ञानवेडी

ऐकायला पटतं म्हणूनच सगळीकडे सांगतात. पण ह्याला दुसरी बाजू आहे. ज्यांनी दवबिंदूंची फुलं आणि पानं एकत्र तपासली त्यातल्या काहींचं म्हणणं असं की दांडा लांब असतो तो फूल लांबून दिसावं म्हणून, किड्यांचा जीव वाचवायला नाही. नाहीतरी कितीतरी साध्या बुटक्या झाडांचे फुलांचे दांडे असेच लांब असतात, त्यांना कुठे चिकट पानं आहेत?

आणि रोटुंडिफोलियाच्या बाबतीत तर हा प्रश्न अजूनच फिका पडतो कारण ते फूल बहुतेक वेळा स्वतःचं स्वतःच फलन करून घेतं. बारकं पांढरं फूल, ऊन असेल तरच थोडे तास उघडतं, आणि खराब हवेत तर न उघडताच आत बी तयार. मी उघडं फूल बघायचं म्हणून किती ताटकळलेय विचारू नका.

तसंच पानाच्या लाल रंगाचं. किड्यांना भुलवायला लाल असं आपण सगळे मानत होतो, पण २०१४ मधे इंग्लंडात याच झाडावर प्रयोग झाला आणि लाल रंगाने किडे जास्त येतात असं काही दिसलं नाही. मग लाल कशाला? कडक ऊन सोसायला असेल अशी एक शक्यता सांगतात.

टाचणी

आता मला जे खरं बोलायचं होतं ते बोलते. शिकारी कोण भारी ह्यापेक्षा मला दोघांमधलं साम्य जास्त इंटरेस्टिंग वाटतं, ते म्हणजे दोघांनाही गरिबी लागते. जागा जितकी कंगाल तितके हे सुखी.

चतुराचं घ्या. ह्या चतुराला आंबट पाण्याची फार हौस आहे असं नाही. त्याला हवंय ते बिनमाशांचं पाणी. त्याचं निम्फ दिवसाढवळ्या उघड्यावर फिरतं, लपायचं फारसं अंगात नाही, त्यामुळे पर्च वगैरे मासा असेल तर दोन दिवसात सगळे फस्त. दलदलीच्या डबक्यात मासा टिकत नाही, म्हणून तिथे हा राजा. गंमत म्हणजे आमच्या उमिओच्याच संशोधकांनी नव्वदच्या दशकात दाखवलंय की मासा असलेल्या पाण्यात वाढलेल्या ह्या निम्फच्या पोटावरचे काटे जास्त लांब होतात. म्हणजे माशाची चाहूल लागली की अंगावर काटे वाढवायचे. अक्षरशः अंगावर काटा.

दवबिंदूची गरिबी मास्तरांनी सांगितलीच, नायट्रोजनची. पण आता ती गरिबी हटत चालली आहे आणि तोच प्रॉब्लेम आहे. गाड्यांचा धूर, कारखाने, शेतातलं खत आणि गुरांचं शेण यातून नायट्रोजन हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. स्वीडनमधल्या कमी आणि जास्त प्रदूषण असलेल्या दलदलींतले रोटुंडिफोलिया २०१२ च्या सुमाराला तपासले गेले. जिथे हवा स्वच्छ तिथे झाडातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन किड्यांकडून आलेला, जिथे पावसातूनच भरपूर मिळतो तिथे तो हिस्सा उतरून एक चतुर्थांशाच्या आसपास. पानं पण लालची हिरवी व्हायला लागतात आणि चिकटपणा कमी होतो.

सातारी_कंदी

म्हणजे आयतं मिळायला लागल्यावर शिकार सोडली? मग बरंच आहे की त्याचं, कष्ट वाचले.

निवृत्त_मास्तर

कंदी, तसं नाही हो. खत एकट्या दवबिंदूवर पडत नाही. ते शेजारच्या गवतावर, झुडपांवर सगळ्यांवर पडतं. त्यांना जोर येतो, ती उंच वाढतात आणि खाली जमिनीलगत बसलेल्या ह्याच्यावर सावली धरतात. चिकट पानं आणि पाचक रस बनवणं हे खर्चिक काम आहे, तो खर्च फक्त उपाशी जागेतच परवडतो. जागा सुपीक झाली की हा स्पर्धेत टिकत नाही. कासच्या सड्यावर पण हेच आहे, जांभ्यावर बोटभर माती, म्हणून तर तिथे दवबिंदू आहे, सीतेची आसवं आहेत, ती पण किडेखाऊच. ह्याच फुलांना खाली शेताच्या काळ्या मातीत नेऊन लावा बघू.

एस्पोकर

हे भारी आहे राव. गरिबीचा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

इथे फिनलंडात अजून एक गोष्ट झाली आहे. मूळची जवळपास १ कोटी हेक्टर दलदल होती, म्हणजे देशाचा एक तृतीयांश भाग, त्यातली निम्म्याहून जास्त चर खणून कोरडी केली, मुख्यतः १९६० आणि ७० च्या दशकात, लाकडासाठी पाईन वाढावेत म्हणून. वरून नकाशात सरळ सरळ रेघा दिसतात त्या चरांच्या. पाणी उतरलं की स्फॅग्नम मरतं, डबकी आटतात, झाडं वाढून सावली होते. चतुर आणि दवबिंदू दोघे एकाच वेळी जातात. गंमत नाही ही, एका ठिकाणी बाजूबाजूलाच दोन्ही प्रकार बघितले, चराच्या अलीकडे फुललेली दलदल आणि पलीकडे नुसतं किरकोळ पाईनचं जंगल, जमीन कोरडी खडखडीत.

आता मेट्सेहाल्लितुसवाले (सरकारी जंगलं सांभाळणारं खातं) संरक्षित भागातले चर परत बुजवतायत. आणि २०२४ च्या ऑगस्टमधे युरोपियन युनियनचा निसर्ग पुनर्स्थापनेचा कायदा लागू झाला त्यात पीटच्या जमिनी परत ओल्या करण्याचं पण आहे. त्यावरून इथे शेतकरी आणि वनमालकांची जोरदार भांडणं चालू आहेत. त्यांचंही अगदीच चूक नाही, आज्या-आजोबांनी सरकारच्याच सांगण्यावरून आणि सरकारच्याच पैशाने चर खणले, आता नातवाला सांगणार बुजव.

ऊर्मी_केंडल

आमच्याकडे ह्याच चतुराची परत वसाहत केली आहे! आमच्या जवळ फोलशॉ मॉस म्हणून दलदल आहे, तिथे पूर्वी पाईन लावून सगळं कोरडं केलेलं. इथल्या एका निसर्ग संस्थेने ती जागा घेऊन झाडं काढली, चर बुजवले, पाणी वर आणलं आणि मग २०१० पासून दुसऱ्या दलदलीतून ह्या चतुराची निम्फं स्फॅग्नमसकट आणून सोडली. आता तिथे उन्हाळ्यात दिसतो. इंग्लंडमधे हा फार कमी ठिकाणी उरलाय, स्कॉटलंडमधे बरा आहे.

दवबिंदू मात्र कोणी आणून लावला नाही, पाणी वर आल्यावर स्फॅग्नमबरोबर तो आपला आपणच पसरला. ह्यात मला वाटतं झाडाचा एक पॉइंट जास्त धरायला हवा. बी अगदी धुळीसारखं बारीक, वाऱ्याने पाण्याने कुठेही जातं. चतुराला पंख असून त्याला बादलीत घालून आणावं लागलं 😀

टाचणी

ऊर्मी हे मस्त लिहिलंस! आणि खरंय, हा चतुर फार लांब भटकणारा नाही. एक दलदल संपली आणि पुढची खूप लांब असली तर मधे तो अडकतो.

उलट आपल्याकडचा पावसाळ्याच्या आगेमागे मैदानावर झुंडीने घिरट्या घालणारा पिवळा चतुर घ्या, पँटाला. ज्याला आपण लहानपणी हेलिकॉप्टर म्हणायचो आणि शेपटीला दोरा बांधायचो (आता वाईट वाटतं). तो समुद्र ओलांडतो, मालदीववरून आफ्रिकेपर्यंत जात असावा असा अंदाज आहे. त्याचं निम्फ पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात दीड-दोन महिन्यात तयार होतं कारण डबकं आटायच्या आत निघायचं असतं. इथला दोन-तीन वर्षं लावतो.

आणि आता मास्तरांचा पहिला मेसेज परत वाचा. कासचा दवबिंदू एका मोसमात आटपतो, इथला वर्षानुवर्षं कळी करून बसतो. चतुराचं पण तेच. आपल्याकडे पावसाच्या घाईत झाड आणि किडा दोघेही घाईत, इथे सहा महिने काही होतच नाही म्हणून दोघेही निवांत. फूल विरुद्ध चतुर ही तुलना ठीक आहे, पण मला विचाराल तर उत्तरेचा दवबिंदू हा कासच्या दवबिंदूपेक्षा शेजारच्या चतुराच्या जास्त जवळचा आहे, राहणीमानाच्या बाबतीत.

निवृत्त_मास्तर

हे वाक्य वर्गात वापरलं असतं मी. मान्य. तुलना बरोबर नाही हे माझं म्हणणं मागे घ्यायची गरज नाही, पण अशी तुलना असेल तर चालेल.

खवचट_पाटील

मास्तरांनी मान्य केलं म्हणजे धागा सार्थकी लागला. आता कामाचं बोला, हा दवबिंदू खायला प्यायला काही उपयोगी आहे का?

एस्पोकर

आहे ना पाटील. खोकल्याच्या औषधात युरोपात जुन्या काळापासून वापरतात, फिनलंडच्या उत्तरेकडे लोक गोळा करून औषध कंपन्यांना विकत आले आहेत. पण आपण उपटायचा नाही, नॅशनल पार्कात तर अजिबात नाही.

विज्ञानवेडी

आणि दुधाची एक गोष्ट आहे, पण ती दवबिंदूच्या दुसऱ्या किडेखाऊ शेजाऱ्याची. पिंग्विक्युला म्हणून एक निळ्या फुलाचं चिकट पानाचं झाड आहे, त्याची पानं दुधात घालून उत्तर स्वीडनमधे घट्ट तार सुटणारं दही लावतात असं स्वीडनच्या लिनिअसने (जीवांना शास्त्रीय नावं देणारा तोच) १७३२ च्या लॅपलँडच्या प्रवासानंतर लिहून ठेवलंय. पुढे लोकांनी तपासलं तर नुसत्या पानाने तसं दही लागतं हे काही सिद्ध झालं नाही. बहुतेक भांड्यातलं जुनं विरजणच काम करत असणार.

खवचट_पाटील

हे आमच्या आज्जीला विचारलं असतं तर लिनिअसचा प्रवास वाचला असता.

सातारी_कंदी

पुढच्या उन्हाळ्यात माझी बहीण टॅलिनला शिकायला जातेय, तिला भेटायला जायचा विचार आहे. तिथे हे दोन्ही बघायला मिळतील का? कधी जावं आणि काय काळजी घ्यावी?

टाचणी

एस्टोनिया म्हणजे दलदलींचं माहेरच. टॅलिनहून तासाभरावर लाहेमा नॅशनल पार्कात विरू बॉग आहे, लाकडी वाट आहे, मधे एक मनोरा आहे आणि पोहायला डबकं पण. दोघेही एकदम हवे असतील तर जूनचा शेवट ते जुलैचा पहिला पंधरवडा धर. चतुर मे अखेरपासून उडतो आणि ऑगस्टपर्यंत विरळ होत जातो, दवबिंदूची पानं जूनमधे छान लाल होतात, फूल जुलैत. ऊन असलेला दिवसच निवड, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधे. चतुर ओळखायची खूण म्हणजे पांढरं तोंड, आणि नर असेल तर पंखाच्या टोकाजवळचा ठिपका काळा बघ, लालसर असेल तर तो त्याचा भाऊ रुबिकुंडा.

एस्पोकर

आणि फळ्यांवरून खाली उतरू नकोस. एक पाऊल पडलं तर तो खड्डा मॉसमधे वर्षानुवर्षं राहतो, शिवाय कुठे किती खोल आहे ते कळत नाही. दवबिंदू फळ्यांच्या अगदी कडेलाच असतो, पालथं झोपून बघता येतो. छोटं भिंग ने. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डासांचं क्रीम विसरू नकोस, तिथले डास दवबिंदू आणि चतुर दोघांना पुरून उरतात.

सातारी_कंदी

नोंद केली सगळी. बहिणीला आत्ताच लिंक पाठवली, ती म्हणतेय युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन कन्फर्म व्हायच्या आधी तू दलदलीचं तिकीट काढू नकोस.